बा नोयची भिशी

हा फोटो १९७९ चा. पुलाउ बिडाँग, मलेशियातलं व्हिएतनामी निर्वासितांच्या छावणीचं बेट. छातीशी बोटीच्या नंबरची पाटी धरून उभी आहे ना, ती आमची बा नोय, वय ४१. शेजारी दोन पोरं, त्यातलं धाकटं, जे कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये, ते माझे सासरे.

व्हिएतनामीत बा नोय म्हणजे वडिलांकडची आजी. आईकडची असती तर बा न्ग्वाय. नोय म्हणजे आतली, न्ग्वाय म्हणजे बाहेरची. आपल्याकडे दोघी नुसत्या आजीच, पण विचार तोच आहे की, असं मी एकदा सासरी म्हटलं तर सगळे हसले होते.

मी तिची नातसून. आमच्या लग्नाला माझी आई कोल्हापूरहून कॅलिफोर्नियात आली होती, दोन दिवस सगळं परकं बघून गप्प गप्प होती बिचारी, आणि मग लाल कापडाखालच्या तबकात विड्याची पानं आणि ओल्या सुपारीचा घड दिसला तशी मोठ्यानं म्हणाली, अगं हे तर आपलंच! व्हिएतनामी लग्नात पान-सुपारीशिवाय बोलणीच सुरू होत नाहीत. त्या दिवसापासून आई आणि बा नोय एकमेकींशी बोलायच्या, कुठल्या भाषेत ते मला आजही माहीत नाही.

हा व्हिडिओ करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना बोटीची गोष्ट हवी होती. मलाही. पण बोटीबद्दल विचारलं की बा नोय भिशीबद्दल बोलायला लागायची. माझ्या फोनवर तिची जेवढी रेकॉर्डिंग्ज आहेत त्यातली निम्मी भिशीचीच. हुई म्हणतात तिकडे भिशीला.

आधी थोडं मागचं. जन्म मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या मीथोचा, लग्नानंतर सायगॉन. नवरा दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात कॅप्टन. ३० एप्रिल १९७५ ला सायगॉन उत्तर व्हिएतनामच्या हाती पडलं, जूनमध्ये हुकूम निघाला की कॅप्टनपर्यंतच्या अधिकाऱ्यांनी दहा दिवसांचं सामान घेऊन हजर व्हायचं, शिकवणी वर्ग आहे. बा नोयनं दहा दिवसांचे कपडे घडी करून दिले. तो त्या छावणीतून सुटला सहा वर्षांनी.

त्याच सप्टेंबरात नोटा बदलल्या, जुने ५०० डाँग म्हणजे नवा १. घरातली रोकड रद्दी झाली. म्हणून मग देशातून पळून जायच्या बोटीचं भाडं सोन्यात. सोन्याचं माप त्यांच्याकडे ३७.५ ग्रॅमचं, म्हणजे आपले पावणेचार तोळे. अशी दोन मापं सोनं थोरल्या बहिणीनं काढून दिलं, ती स्वतः मागेच राहिली.

राच झा बंदरातून रात्री निघाले. बोटीबद्दल रेकॉर्डिंगमध्ये मोजून चार वाक्यं आहेत. इंजिन बंद पडलं. पाणी संपलं. मोठ्याला ताप होता. मग काही वेळ नुसता पंख्याचा आवाज, आणि चौथं वाक्य, पुढचं राहू दे. थायलंडच्या आखातात तेव्हा चाचे बोटी लुटायचे, बायका-मुली पळवायचे, हे सगळं नोंदलेलं आहे. मी पुन्हा विचारलं नाही.

बिडाँग जेमतेम एक चौरस किलोमीटरचं बेट, जून १९७९ मध्ये तिथे जवळजवळ ४० हजार माणसं होती.

पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया, वेस्टमिन्स्टर. आज लिटल सायगॉन म्हणून जी गजबज दिसते, बोल्सा अव्हेन्यू वगैरे, तिथे तेव्हा दुकानं मोजकीच, आजूबाजूला स्ट्रॉबेरीची शेतं. बा नोय घरी मशीन घालून नगावर कॉलर शिवायची. आजोबा १९८४ ला कायदेशीर मार्गानं आले, नऊ वर्षांनी भेट, लॉस एंजेलिसच्या एअरपोर्टवर. काय बोललीस तेव्हा? तर म्हणे, काय बोलणार, जेवलात का विचारलं. आन कम चुआ. यात फिल्मी काही नाही हं, त्यांच्याकडे येताजाता हेच विचारतात.

आता भिशी. बँक कर्ज देईना, आधीचा काही रेकॉर्डच नाही तर देणार कशी. मग २० बायका, महिना २०० डॉलर, आणि ज्याला नड जास्त तो जास्त सोडून बोली लावणार, म्हणजे आपली लिलाव भिशीच. ज्यानं रक्कम उचलली त्याची भिशी मेली, न उचललेल्याची जिवंत, असेच शब्द आहेत, मेलेली हुई आणि जिवंत हुई. मेलेल्यानं शेवटपर्यंत पूर्ण हप्ता भरायचा. आणि कोणी बुडवलं तर चालवणारीनं भरायचं. चालवणारी बा नोय.

एकीनं पाचव्या महिन्यात उचलली आणि गाव सोडून गेली. राहिले १५ हप्ते, ३००० डॉलर. बा नोयनं रात्री कॉलरी शिवून ते सगळे भरले, एकाही बाईला उशीर होऊ दिला नाही, आणि त्या बाईचं नाव शेवटपर्यंत घरात कुणाला सांगितलं नाही. मला विचाराल तर जरा जास्तच झालं हे, मी असते तर सांगितलं असतं. पण त्यानंतर तिच्या भिशीत शिरायला रांग लागायची. सासूबाईंचं नेल सलोन त्याच पैशातून उभं राहिलं.

अमेरिकेनं व्हिएतनामवरचे व्यापारी निर्बंध उठवले १९९४ ला, दोन वर्षांनी ती पहिल्यांदा परत गेली, बरोबर दोन मापं सोनं. बहिणीनं ते घेतलं आणि सोनाराकडे नेऊन वजन करून घेतलं. हे सांगताना बा नोय इतकी हसायची. बरोबर केलं तिनं, मीपण केलं असतं.

बा नोय गेली. काल पहिलं वर्षश्राद्ध झालं, ते लोकही तिथीनंच धरतात. तिची शेवटची भिशी तेव्हा अर्ध्यात होती, सासूबाईंनी वहीवरून पुढे चालवली. वहीत सगळ्यांच्या नावापुढे महिना लिहिलेला, तिच्या नावापुढची जागा कोरी. उचललीच नव्हती तिनं.

काल बायका शेवटचा हप्ता घेऊन आल्या. पाकीट तिच्या फोटोपुढे ठेवलं, भात, मासा, फळं मांडली, उदबत्ती लावली. उदबत्ती जळून जाईपर्यंत कोणी जेवत नाही, म्हणून सगळ्या बसून राहिल्या, आणि तेवढ्यात कोणीतरी पुढच्या भिशीचा विषय काढलाच.