शिल्लक कोणाची?

5 ऑगस्ट 1993 ची रात्र. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या अर्थसंकल्पी विधेयकावर मतदान सुरू होते. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर 39.6 टक्क्यांवर नेणाऱ्या या विधेयकाला रिपब्लिकन पक्षातून एकाचाही पाठिंबा नव्हता. पेनसिल्व्हेनियातून प्रथमच निवडून आलेल्या डेमोक्रॅट सदस्य मार्जरी मार्गोलिस-मेझविन्स्की यांनी अगदी शेवटी विधेयकाच्या बाजूने मत दिले, तेव्हा विरोधी बाकांवरून हात हलवून त्यांना निरोप देण्यात आला. हे मत त्यांना भोवणार, हे सर्वांना दिसत होते. विधेयक 218 विरुद्ध 216 मतांनी संमत झाले आणि सिनेटमध्ये मते समसमान पडल्यावर उपाध्यक्ष अल गोर यांच्या निर्णायक मताने तरले. पुढच्याच वर्षी मार्गोलिस-मेझविन्स्की निवडणूक हरल्या.

1998 च्या आर्थिक वर्षअखेरीस अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या हिशेबात सुमारे 6,900 कोटी डॉलर शिल्लक राहिले. 1969 नंतर असे प्रथमच घडत होते. 2000 साली ही शिल्लक 23,600 कोटींवर पोहोचली. श्रेय घ्यायला दोन्ही पक्ष पुढे होते. त्यात 1993 ची करवाढ, 1997 चा द्विपक्षीय समझोता, शीतयुद्धानंतर आटोक्यात आलेला संरक्षणखर्च आणि शेअर बाजाराच्या तेजीतून आलेला कर, या सर्वांचा वाटा होता. थोरल्या जॉर्ज बुश यांनी ‘नवे कर नाहीत’ हे आपलेच वचन मोडून 1990 मध्ये केलेल्या तडजोडीची आठवण मात्र फारशी कोणी काढली नाही, आणि हा त्यांच्यावर अन्यायच झाला.

तूट होती तोवर भांडण कपातीचे होते, आता ते वाटणीचे झाले. आधी सोशल सिक्युरिटी, म्हणजे वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची योजना, सुरक्षित करा, असे क्लिंटन यांनी जानेवारी 1998 मध्ये बजावले. जास्तीचा पैसा करदात्यांचा आहे, तो परत करा, असे रिपब्लिकन म्हणत राहिले. त्यांचे दहा वर्षांत 79,200 कोटी डॉलरच्या करकपातीचे विधेयक क्लिंटन यांनी सप्टेंबर 1999 मध्ये नकाराधिकार वापरून रोखले. खरे तर 2000 सालच्या शिलकेतील जवळजवळ दोन तृतीयांश रक्कम याच निवृत्तिवेतन योजनेतील वाढाव्याची होती. पुढे म्हातारपणी ज्यांना ती लागणार होती, त्या नोकरदारांच्या पगारातून ती कापलेली होती.

2000 सालीच, सप्टेंबरमध्ये, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील राष्ट्रीय कर्जाचा फलक बंद करण्यात आला. 1989 पासून अहोरात्र वाढत गेलेले त्याचे आकडे आता उतरू लागले होते. फलकावर लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांचा पडदा ओढण्यात आला.

जानेवारी 2001 मध्ये काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने पुढील दहा वर्षांत 5.6 लाख कोटी डॉलर शिल्लक पडेल, असा अंदाज वर्तवला. हा पैसा तिजोरीत आलेला नव्हता. बाजारात तुरी असतानाच वाटणी सुरू झाली, आणि या साऱ्या वादातले मला सर्वांत खटकणारे वळण हेच आहे. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले, की कर्ज फिटून गेल्यावर उरलेला पैसा सरकारला खासगी मालमत्तेत गुंतवावा लागेल, त्यापेक्षा करकपात बरी. त्यांच्या शब्दाला असलेले वजन पाहता विरोधकांचा निम्मा प्रतिकार तिथेच संपला. 7 जून रोजी नवे अध्यक्ष धाकटे जॉर्ज बुश यांनी 1.35 लाख कोटींच्या करकपातीवर स्वाक्षरी केली. सिनेटमध्ये केवळ साध्या बहुमताची गरज पडावी म्हणून निवडलेल्या संसदीय मार्गाच्या नियमांमुळे हा कायदा 2010 अखेर आपोआप संपणार होता.

त्या उन्हाळ्यात करदात्यांच्या घरी आधी एक सरकारी पत्र आले. काँग्रेसने संमत केलेल्या आणि अध्यक्षांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यामुळे आपल्याला पैसे मिळणार आहेत, असे त्यात आनंदाने कळवले होते. करदात्यांच्या पैशाने ही पक्षाची जाहिरात चालली आहे, असा आक्षेप डेमोक्रॅटांनी घेतला. मागोमाग धनादेश आले: एकट्या व्यक्तीला 300 डॉलरपर्यंत, दांपत्याला 600 पर्यंत.

मंदी मार्चमध्येच सुरू झाली होती. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर युद्धखर्च वाढला, शेअर बाजारातून येणारा महसूल आटला आणि करकपात लागू होत राहिली. 2002 चे आर्थिक वर्ष सुमारे 15,800 कोटी डॉलरच्या तुटीवर संपले. ते संपण्याआधीच, जुलैमध्ये, मॅनहॅटनमधला तो फलक पुन्हा सुरू करण्यात आला होता, आणि त्यावरचा आकडा 6 लाख कोटींच्या पुढे गेलेला होता.