पेपर सुटल्यावर काय विचारायचं?

नमस्कार, श्रोतेहो.

दहावीच्या परीक्षेत अकराचा पेपर असला की दुपारी केंद्राच्या गेटवर पालकांची ही गर्दी. पोरगं बाहेर येतं, बाटलीतलं पाणी तोंडाला लावतं न लावतं, तोवर बाबांचा प्रश्न, "किती पडतील?" गाडीच्या सीटवरच प्रश्नपत्रिका पसरली जाते. "ह्याचं उत्तर काय काढलंस? अरे, कालच करून घेतलं होतं की!"

झालं. बीजगणितातले गेलेले दोन मार्क काही परत येत नाहीत, पण त्यांच्या काळजीत भूमितीची उजळणी मात्र बुडते. त्यापेक्षा "भूक लागली असेल, चल जेवायला," एवढं म्हटलं तरी पुष्कळ. पेपर तपासायला बोर्डाची माणसं आहेत.

आपल्या तालमीतला वस्ताद कुस्तीच्या आदल्या दिवशी पैलवानाकडून जोर-बैठका काढून घेत बसत नाही, अंग मोकळं ठेवायला सांगतो. मग पेपरच्या आदल्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पोरांना जागवायचं कशाला? वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच. संध्याकाळी रंकाळ्यावर अर्धा तास चालून आलं म्हणून अभ्यास बुडत नाही.

सकाळी पोटात दुखतंय म्हणणारं मूल दर वेळी नाटक करत नसतं. भीतीनं खरोखर पोटात गोळा येतो, हात गार पडतात. अशा वेळी शेजारी बसा, श्वास सावकाश सोडायला लावा. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे. आणि हो, त्या सकाळी मिसळ नको! ती शेवटच्या पेपरनंतर.

आणखी एक. दहावीला सहा विषयांपैकी जास्त गुणांचे पाच धरून टक्केवारी निघते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. हे मुलांना सांगितलं तर ती सैल पडतील, असं काही पालकांना वाटतं. मला हे पटत नाही. एवढं ठाऊक असलेलं मूल पहिला प्रश्न अडला तर घाबरून बसत नाही, दुसरा सोडवायला घेतं.

मात्र जेवण तुटलं, झोप उडाली, मूल कुणाशी बोलेनासं झालं, किंवा "मी नसलेलोच बरा" असं काही त्याच्या तोंडून आलं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, रागावू नका, नीट ऐकून घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. नंबर लिहून घ्या: १४४१६. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा. फोन मुलानंच करायला हवा असं नाही. आईनं केला, आजोबांनी केला, तरी चालतो.