पेपरातला रणगाडा, घरातला दिवा

नमस्कार श्रोतेहो. गेल्या रविवारी सदाशिव पेठेत माझ्या सरांकडे गेले होते. सर इतिहासाचे प्राध्यापक, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, सध्या घर आवरायला काढलंय आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांना स्वतःची लहानपणीची चित्रकलेची वही सापडली. डिसेंबर १९७१ ची. तेव्हा सर नऊ वर्षांचे होते. ३ तारखेला युद्ध सुरू झालं, १६ ला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं, आणि तेवढ्या दिवसांत या पोराने अख्खी वही भरवली!

सुरुवातीची पानं म्हणजे नुसती विमानं आणि रणगाडे, आपलं विमान मोठं, त्यांचं एवढंसं आणि पेटलेलं. सर म्हणाले, "अगं हे सगळं पेपरातलं. रणगाडा मी कुठे पाहिला होता?"

मग त्यांनी पान उलटलं. पूर्ण काळं पान, खडू दाबून दाबून घासलेला, आणि मधे एकच बारीक पिवळी रेघ. मला काही कळेना. तर तो ब्लॅकआउट होता, म्हणजे शत्रूच्या विमानांना खालचं काही दिसू नये म्हणून रात्री उजेड बाहेर जाऊ द्यायचा नाही. खिडकीच्या काचांवर खाकी कागद चिकटवलेला, तो एका बाजूला कमी पडला आणि त्या फटीतून उजेड दिसला की खालून कोणीतरी ओरडायचं, दिवा बंद करा. पुढच्या पानावर बस, तिला चक्क पापण्या. तेव्हा गाड्यांच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचे ना, नऊ वर्षांच्या मुलाला ती बस पेंगतेय असं वाटलं. मला हे पान सगळ्यात आवडलं, अजून डोळ्यासमोरून जात नाहीये.

सरांनी तेव्हा हेल्गा वायसोवाची गोष्ट सांगितली. प्रागची ज्यू मुलगी, बारा वर्षांची असताना १९४१ च्या डिसेंबरात नाझींनी तिला घरच्यांसकट तेरेझीनच्या छावणीत नेलं. वडील वेगळ्या बराकीत. तिने स्नोमॅन करणाऱ्या मुलांचं चित्र काढून चोरून त्यांच्याकडे पाठवलं, तर त्यांनी उलट निरोप दिला, जे दिसतंय ते काढ. मग तिने रांगा काढल्या, बंक काढले, सामान ओढणारी माणसं काढली. तिला पुढे ऑशविट्झला पाठवलं तेव्हा काकांनी ती चित्रं छावणीतल्याच एका भिंतीत लपवली, म्हणून वाचली. हेल्गाही वाचली, वडील मात्र परत आले नाहीत. आपल्या पुण्याच्या चौदा दिवसांची आणि त्या छावणीची तुलना होऊच शकत नाही, सरही तेच म्हणाले, पण वडिलांचं ते वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

तेरेझीनमध्येच फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाच्या चित्रकार बाई मुलांना शिकवायच्या, प्रत्येक चित्रावर नाव घालायला लावायच्या. त्या मुलांपैकी बहुतेकजण मारले गेले, पण कुठलं चित्र कोणाचं हे आज त्या नावांमुळेच कळतं. तेव्हा तुमच्याकडे अशी वही असेल तर रद्दीत घालू नका हो, मागे नाव आणि साल लिहा, पेन्सिलीने, शाई पुढे उमटते.

सर तेच करतायत. प्रत्येक चित्रामागे बारीक अक्षरात 'पेपरातून' नाहीतर 'पाहिलेलं'. शेवटच्या पानावर खिडकी आहे, कागद काढून टाकलेली, काचेवर खळीचे पांढरे डाग. त्याच्यामागे त्यांनी लिहिलंय, पाहिलेलं, आई घासत होती.