ओव्ह्युलेशन स्ट्रिप: पुसट रेष म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे

नमस्कार. ओव्ह्युलेशन म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडणं. ते कधी होणार हे लघवीतून सांगणारी, गर्भ राहावा म्हणून वापरायची ही स्ट्रिप जवळ धरते, नीट बघा. हाताने पकडतो त्या बाजूची गडद रेष कंट्रोलची, म्हणजे सी. तिच्या खालची फिकट रेष टेस्टची, टी. प्रेग्नन्सी टेस्टवर असं दिसलं तर आपण पॉझिटिव्ह म्हणतो. इथे मात्र हा निकाल निगेटिव्ह आहे, आणि सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

कारण ही स्ट्रिप एलएच नावाचं हार्मोन मोजते, आणि ते अंगात रोजच थोडं असतं. स्त्रीबीज बाहेर पडायच्या आधी ते एकदम चढतं. तेव्हा टी रेष सीइतकी किंवा सीपेक्षा गडद होते. तो पॉझिटिव्ह. तिथून साधारण 24 ते 36 तासांत बीज सुटतं.

सुरुवात कधी करायची? पाळीचा पहिला दिवस 1 धरा आणि जितक्या दिवसांनी पाळी येते त्यातून 17 वजा करा. 28 दिवसांनी येत असेल तर 11व्या दिवशी, 32 असेल तर 15व्या. पाळी मागेपुढे होत असेल तर गेल्या काही महिन्यांतलं सगळ्यात लहान चक्र धरा.

सकाळची पहिली लघवी नको. एलएच बहुतेकदा पहाटे रक्तात वाढतं, लघवीत उतरायला काही तास जातात. दुपार ते संध्याकाळ, रोज एकच वेळ ठेवा. आधी दोन तास लघवीला जाऊ नका आणि पाणी बेताने प्या. उन्हाळ्यात तांब्याभर ताक पिऊन टेस्ट केली की लघवी पातळ होते आणि चढलेलं एलएचही फिकट दिसतं. रेष गडद होऊ लागली की दिवसातून दोनदा बघा. काहींचा चढ एका दिवसाच्या आत ओसरतो.

कोरड्या कपात लघवी घ्या. स्ट्रिप ‘मॅक्स’ खुणेच्या वर बुडवू नका, पाकिटावर लिहिलेत तेवढेच सेकंद धरा, मग आडवी ठेवा. साधारण पाच मिनिटांनी वाचा. दहा मिनिटांनंतरची रेष धरू नका. सी आलीच नाही तर ती स्ट्रिप बाद.

पॉझिटिव्ह आला की तो दिवस आणि पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. पण त्याची वाट बघत थांबू नका. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात, स्त्रीबीज जेमतेम 12 ते 24 तास. म्हणून टेस्ट सुरू केल्यापासून एक दिवसाआड संबंध ठेवले तर ‘आजच!’ असं दडपण दोघांवरही येत नाही.

पीसीओएसमध्ये, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते त्या त्रासात, एलएच मुळातच चढं असू शकतं, त्यामुळे बरेच दिवस पॉझिटिव्ह येत राहतो. तिथे सोनोग्राफीने फॉलिकल स्टडी, म्हणजे बीजाची पिशवी कशी वाढते ते बघणं, केलेली बरी. बीज सुटावं म्हणून देतात ते एचसीजी हार्मोनचं इंजेक्शन घेतलं असेल तरी स्ट्रिप फसते. आणि एलएच चढलं म्हणजे बीज सुटलंच, असंही नाही. ते नंतर, बीज सुटल्यावर वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन हार्मोनच्या रक्ततपासणीत कळतं. गर्भ राहू नये म्हणून तर या स्ट्रिपवर अजिबात विसंबू नका.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा वय 35च्या पुढे असून सहा महिने झाले, तर डॉक्टरांकडे जा. पाळी फारच अनियमित असेल तर त्याआधीच. आणि दोघांनी जा. वीर्यतपासणी साधी असते. ती सुरुवातीलाच करून घ्या, बाईच्या सगळ्या तपासण्या संपेपर्यंत ती मागे ठेवू नका.