लोकर उलटी फिरते तेव्हा

[ऐरोली, ठाणे खाडी. ओहोटी. फ्लेमिंगोंचा थवा उतरतोय.]

याच्या पंखाकडे बघा. पाण्यापासून हातभर उंचीवर त्याने पंख जवळजवळ उभे केले आणि पाठीवरची बारीक पिसं फुलली. तिथली हवा आता मागे वाहत नाही, उलटी पुढे येतेय. पंखाने उचलून धरणं सोडलं. हाच स्टॉल. पक्षी तो मुद्दाम करतो, कारण खाली हातभरच अंतर आहे.

[वागळे इस्टेटमधला गाळा. पंख्याची घरघर.]

पंखावरून हवा कशी वाहते ते बघायची ही पेटी प्लायवूडची, एका बाजूला अ‍ॅक्रिलिक. मागच्या टोकाला एक्झॉस्ट फॅन. तो हवा ढकलत नाही, ओढतो. ढकललेली हवा पात्यांमुळे गरगरत येते. तोंडाशी शीतपेयाच्या नळ्या पोळ्यासारख्या रचल्यात, त्यातून हवा सरळ होऊन आत शिरते. मधोमध गरम तारेने कापलेला थर्माकोलचा पंख, त्याच्या पाठीवर लोकरीचे बोटभर धागे. टोकाला कंपासपेटीतला कोनमापक, पंखाची पुढची कड समोरच्या हवेशी किती अंश वर उचललीय ते दाखवणारा.

5 अंश. धागे चापून बसलेत. 8. 10. मागच्या कडेचे थरथरायला लागले. 12, आणि मागची अर्धी ओळ एकदम उलटली! फॅनचा वेग तोच होता, बदलला फक्त कोन. खऱ्या विमानाचा पंख साधारण 16 अंशांपर्यंत तग धरतो; पंख छोटा आणि हवा संथ असली की आधीच सोडतो.

स्टॉल म्हटलं की लोकांना मोटारीचं बंद पडलेलं इंजिन आठवतं. इथे इंजिन ठणठणीत असलं तरी पंख स्टॉल होतो. पुस्तकातला आलेख पाठ करून हे डोक्यात बसत नाही, धागे बघितले की बसतं. कॉकपिटमध्ये बसण्याआधी प्रत्येक शिकाऊ वैमानिकाने तासभर या पेटीपुढे बसावं.

[सिम्युलेटर. सेसना 172, छोटं विमान. डावं वळण, उंची 500 फूट.]

उतरण्याआधीचं शेवटचं वळण. मागून वारा आहे, त्यामुळे धावपट्टीची रेघ ओलांडली गेली. आता वळण आवळायचा मोह होतो. वेग कमी झाला की तेवढंच वजन उचलायला पंखाचा कोन वाढवावा लागतो. ही सेसना फ्लॅप (पंखामागच्या, उतरताना खाली सोडायच्या पट्ट्या) न उघडता, सरळ उडताना 48 नॉटला (ताशी सागरी मैल) स्टॉल होते. वळताना पंखांना जास्त भार उचलावा लागतो, म्हणून उंची राखून कुशीवर 45 अंश कलली की 57 ला, 60 अंशांवर 68 ला. आणि उतरतानाचा वेग असतो 65 च्या आसपास.

जमीन जवळ असल्याने जास्त कलायची भीती वाटते, म्हणून पाय नाक डावीकडे वळवणारा डावा रडर दाबतो. बाहेरचा पंख जोरात फिरतो, कल वाढतो. तो थोपवायला हात योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, उजवीकडे वळवतो. त्याने डाव्या पंखाचा एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, खाली येतो आणि त्याच पंखाचा कोन आणखी वाढतो. नाक खाली जातंय म्हणून योक मागे ओढला जातो. डावा पंख आधी सोडतो. एक गिरकी आणि तिच्यातून बाहेर पडणं, याला सुमारे 1000 फूट लागतात. इथे 500 आहेत.

[टेबल. सुटा भाग, जवळून.]

हा सेसनाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेतला भोंगा. आत बाजाच्या पेटीतल्यासारखी पातळ पट्टी, वीज लागत नाही. उड्डाणाआधी भोकावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढायची. वाजला... हा असा. हवेत तो स्टॉलच्या 5 ते 10 नॉट आधी वाजतो.

[सिम्युलेटर, पुन्हा तेच वळण.]

रेघ ओलांडली. या वेळी वळण आवळलं नाही: पंख समतल, पूर्ण थ्रॉटल म्हणजे इंजिन पूर्ण जोरात, पुन्हा एक फेरी. भोंगा वाजलाच तर आधी नाक खाली, मग इंजिनाची ताकद. शरीर नेमकं उलटं सांगतं, ओढ म्हणतं.

[पुन्हा पेटी. कोनमापकावर बोट.]

12 वरून 11. धागे उलटेच. 10, जिथे मघाशी बहुतेक धागे बसलेले होते. अजून उलटे. 9. एखादा वळवळला. 8.

बसले.