वीस केंद्रं, दोन हजार रुग्ण: क्लस्टर ट्रायलचा आराखडा निवडताना

समजा, ठाण्यातली २० नागरी आरोग्य केंद्रं घेतली. चिठ्ठ्या टाकून त्यांतली १० निवडली आणि तिथल्या आशाताईंना रक्तदाबाच्या रुग्णांचा घरोघरी पाठपुरावा करायला शिकवलं. उरलेल्या १० ठिकाणी नेहमीचंच काम चालू ठेवलं. एकेका रुग्णाऐवजी अख्ख्या केंद्राची, म्हणजे क्लस्टरची, चिठ्ठी काढायची ही क्लस्टर ट्रायल, आणि दोन्ही गट एकाच वेळी चालवायचे हा तिचा साधा समांतर आराखडा. शेवटी प्रत्येक केंद्रातले ५० रुग्ण मोजले, एकूण १,०००. पण एका केंद्रातल्या रुग्णांचे डॉक्टर तेच, आणि गोळ्या संपल्या की सगळ्यांच्याच संपतात. त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांसारखे येतात. हे साम्य आयसीसीने (इंट्राक्लस्टर कोरिलेशन कोएफिशंट) मोजतात: ० म्हणजे साम्य नाही, १ म्हणजे सगळे अगदी सारखे. तो ०.०५ धरला, तर डिझाइन इफेक्ट (या साम्यामुळे नमुना जितक्या पटीने कमी भरतो तो आकडा) येतो १ + ४९ × ०.०५, म्हणजे ३.४५. हजाराला त्याने भागा: हाती माहिती २९० जणांइतकीच.

इथे बहुतेक जण रुग्ण वाढवतात. केंद्रामागे १०० केले, तर २,००० मोजूनही माहिती ३३६ जणांची. एका केंद्रातून १ भागिले आयसीसी, म्हणजे २० जणांहून जास्त माहिती निघतच नाही. २० केंद्रांची कमाल मर्यादा ४००. तेच २,००० रुग्ण ४० केंद्रांत विभागले, तर ५८०.

मृत्यूसारख्या क्वचित घडणाऱ्या घटनेत आयसीसी फार छोटा असतो, पण क्लस्टर मोठा असला की तोही बोचतो. टाटा मेमोरियलने १९९८मध्ये मुंबईत सुरू केलेल्या गर्भाशयमुख कर्करोगाच्या तपासणीने मृत्यू घटतात का, हे पाहणाऱ्या ट्रायलमध्ये क्लस्टर २० आणि स्त्रिया १,५१,५३८ होत्या. क्लस्टरमागे साधारण साडेसात हजार. एवढ्या आकाराला आयसीसी नुसता ०.०००१ धरून पाहा: डिझाइन इफेक्ट पावणेदोनच्या वर जातो. त्या ट्रायलमध्ये तपासणीच्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. परिणाम एवढा मोठा होता, म्हणून २० क्लस्टरमध्येही तो दिसला.

केंद्रं वाढवता येत नसतील, तर बेसलाइन घ्या. प्रशिक्षणाआधी प्रत्येक केंद्रात वेगळे ५० जण मोजा आणि केंद्राची ती सरासरी विश्लेषणात धरा. केंद्राची पातळी दोन्ही वेळी बऱ्यापैकी टिकत असेल (सहसंबंध ०.८), तर २९०चे ४३७ होतात. मोजणी तेवढीच, २,०००. पण शेवटी रुग्ण दुप्पट करण्यापेक्षा लाभ कितीतरी जास्त. हा पर्याय इतका दुर्लक्षित का राहतो, हे मला कळत नाही.

कागदावर सगळ्यांत सरस क्रॉसओव्हर: दोन टप्प्यांत केंद्रांची अदलाबदल केली, की त्याच २,००० मोजण्यांतून सुमारे १,३८० जणांइतकी माहिती मिळते. पण शिकलेली आशाताई शिकलेलं विसरणार कशी? वॉर्डातलं जंतुनाशक बदलायचं असेल, तर हा आराखडा जरूर वापरा.

स्टेप्ड वेजमध्ये प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने सगळ्यांना मिळतं, म्हणून अधिकाऱ्यांना तो पटतो. तो नेहमीच कमी नमुन्यात भागतो, हा मात्र गैरसमज आहे. आयसीसी आणि क्लस्टर मोठे असतील तेव्हा तो जिंकतो. आयसीसी नगण्य असेल तर साधा समांतर आराखडाच बरा. शिवाय सुरुवातीला बहुतेक केंद्रं जुन्या पद्धतीची आणि शेवटी सगळी नव्या. डेंग्यूवरच्या ट्रायलचे टप्पे मे ते सप्टेंबर लावले, तर पावसाने वाढलेले रुग्ण प्रशिक्षणाच्या खात्यात जातात. महिन्याचा परिणाम विश्लेषणात धरावाच लागतो, आणि तो धरताना पाऊस सगळीकडे सारखाच बाधतो असं आपण गृहीत धरतो. खाडीकाठची वस्ती आणि घोडबंदर रोडवरचे टॉवर यांना ते लागू पडत नाही. अशा वेळी केंद्रांचे आधी वस्तीनुसार गट पाडा आणि प्रत्येक गटात वेगळी चिठ्ठी टाका, म्हणजे प्रत्येक टप्प्यात दोन्ही प्रकारची केंद्रं येतील.