कनानी लोकांच्या बाजूने वाचताना

श्रोतेहो, नमस्कार.

मे १६३७. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये मिस्टिक नदीकाठची पीक्वॉट या मूळनिवासी लोकांची तटबंदीची वस्ती इंग्रज वसाहतवाल्यांनी पहाटे पेटवून दिली. शेकडो माणसं मेली, त्यांत बायका, मुलं आणि म्हातारेच अधिक. हल्ल्यातला एक कप्तान, जॉन अंडरहिल, याने पुढच्या वर्षी छापून सांगितलं की आईबापांबरोबर बायकामुलांनीही मरावं, असं कधीकधी धर्मग्रंथच सांगतो. दाखला दिला बायबलमधल्या दावीद राजाच्या युद्धाचा.

पीक्वॉट लोकांचं नाव बायबलमध्ये कुठेही नाही. त्यांना दावीदाचे शत्रू ठरवलं ते अंडरहिलने. म्हणून ‘मी फक्त लिहिलंय ते वाचलं’ ही सबब मला मुळीच मान्य नाही. जुन्या वचनात आजच्या माणसांना कोणाच्या जागी उभं करायचं, हे वाचणारा ठरवतो. त्याचा जाबही त्यानेच द्यायचा.

तोच ग्रंथ उलटही वाचला गेला. १५१४ साली क्यूबात बार्तोलोमे दे लास कासास हा स्पॅनिश पाद्री प्रवचनाची तयारी करत होता. गरिबाच्या मालमत्तेतून चढवलेला बळी देवाला रुचत नाही, मजुराची मजुरी बुडवणारा खुनीच, अशा अर्थाची वचनं समोर आली. त्याच्या स्वतःच्या ताब्यात तेव्हा वेठीला धरलेले स्थानिक लोक होते. त्याने ते सोडले. १५५० मध्ये स्पेनमधल्या व्हायादोलिद इथे, अमेरिकेतल्या मूळनिवाशांवरचं युद्ध न्याय्य आहे का यावर वाद झाला. युद्धाची बाजू घेणारा विद्वान सेपुल्वेदा याने बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले युद्धाचे नियम पुढे केले, तेव्हा लास कासासने त्याला विरोध केला. मात्र याच लास कासासने आधी आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती, पुढे त्याला तिचा पश्चात्ताप झाला. एका समाजाकरता उघडलेले डोळे दुसऱ्याकरता मिटलेलेच होते, हे विसरून त्याचं कौतुक करू नये.

याहून अवघड प्रश्न अमेरिकेतल्या ओसेज या मूळनिवासी समाजाचे अभ्यासक रॉबर्ट वॉरिअर यांनी १९८९ मध्ये मांडला. बायबलमधली, मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून इस्राएली लोकांच्या सुटकेची कथा जगभरच्या दडपलेल्यांना बळ देते. पण सुटलेल्यांना जी भूमी देऊ केली, तिथे कनानी आधीपासून राहत होते, आणि त्यांना नष्ट करण्याची आज्ञाही त्याच ग्रंथात आहे. आपली भूमी गमावलेला मूळनिवासी ही कथा वाचतो, तेव्हा त्याला स्वतःची माणसं कनानींमध्ये दिसतात.

मला वाटतं, व्यासपीठावरून ही कथा सांगणाऱ्याने कनानींवरची पानं गाळू नयेत. ती मोठ्याने वाचावीत, आणि ज्यांच्या पूर्वजांविरुद्ध ती वापरली गेली त्यांना अर्थ लावताना आधी बोलू द्यावं.